येसाक्काची पळी आणि शंभर रांजण

एका राज्यात दर सोमवारी सुख मोजत असत.

कसं मोजत, ते ऐका. राजा सुखवर्मा पूजा आटोपून राजवाड्याच्या पायरीवर येऊन बसे. समोरच्या आळीतून येणारी पहिली शंभर माणसं भालदार उभी करी आणि राजा एकेकाला विचारी, "सुखी आहेस?" आता समोरच्या आळीत राहणार कोण? राजाचा हलवाई, राजाचा माळी, राजाच्या घोड्यांना नाल ठोकणारा, राणीवशाची कासारीण. शंभरच्या शंभर म्हणत, "सुखी आहोत, महाराज." मग नगारा वाजे, राज्य सुखी असल्याची दवंडी फिरे आणि राजा जेवायला उठे. सात पिढ्या हाच रिवाज. सात पिढ्यांत एकाही शहाण्याला सुचलं नाही, की जरा पलीकडच्या आळीतही विचारून बघावं.

एका सोमवारी पायरीशी एक म्हातारी आली. हाडं वर आलेली, पायांवर नऊ दिवसांची धूळ. तिचं नाव मोजाई. राज्याच्या पार टोकाच्या गावची चेटकीण. ती म्हणाली, "राजा, आमच्या विहिरी कडू झाल्या. लेकरं पाणी पीत नाहीत, गुरं पीत नाहीत."

राजाने भालदाराला विचारलं, "ही कितवी?"

"एकशेएकावी, महाराज."

"मग मोजणी झाली. शंभर सुखी निघाले. ही खोटं बोलते."

मोजाई रडली नाही, ओरडली नाही. नुसतं म्हणाली, "राजा, तुला वरवरचं तेवढं दिसतं. जिथे तू पाहिलं नाहीस, तिथूनच सगळं दगड होत येईल." आणि ऐन उन्हात धुरासारखी विरून गेली.

राजाने नगारा वाजवायला सांगितला.

त्या राजवाड्याच्या मुदपाकखान्यात येसाक्का नावाची आचारीण होती. वय सत्तर, गुडघे दुखरे, जीभ तिखट, आणि हातात सदा लांब दांड्याची सागवानी पळी. अक्षर एक येत नव्हतं, पण चारशे पानांच्या वरणात मीठ किती पडलंय ते ती एका थेंबावर सांगे. राजकन्या हेमकळेची आई बाळंतपणात गेली, तेव्हापासून पोरीला येसाक्कानेच वाढवलं. रोज दुपारी ती तिच्या पायांना तेल चोळी आणि पोर गुदगुल्या होतात म्हणून पाय ओढून घेई. सोळा वर्षं हाच खेळ.

एके दुपारी येसाक्काच्या हाताला करंगळी गार लागली. पोर हसली नाही.

"हसत का नाहीस गं? रागावलीस माझ्यावर?"

"आक्का, तू हात लावलास? मला कळलंच नाही."

येसाक्काने पाय उजेडात धरला. बोटं दगडाची झाली होती. दुसऱ्या दिवशी तळवा गेला, मग घोटा. रोज दोन बोटं दगड वर चढत होता. येसाक्का धावत राजाकडे गेली. राजा आला, उंबऱ्यातून लेकीच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाला, "चेहरा तर टवटवीत आहे. बरी आहे ती." आणि परत गेला.

तिकडे सीमेवरची गावंही टोकाकडून दगड होत निघाली. लोक म्हणू लागले, टिटवी जिथे ओरडते तिथे दगड येतो. राजाने हुकूम सोडला, टिटव्या मारा. टिटव्या मेल्या, दगड काही थांबला नाही. गुडघ्याशी दगड येईपर्यंत राजाने एकामागून एक तीन पंडित मोजाईच्या गुहेकडे पिटाळले. ते जे वेगवान घोड्यांवरून गेले, ते गेलेच.

येसाक्का राजापुढे उभी राहिली. "आता मी जाते."

"आक्का, तीन पंडित हरले. तुला तर लिहिताही येत नाही."

"त्यांना स्वयंपाक येत नव्हता," येसाक्का म्हणाली. "जायला नऊ दिवस, यायला नऊ. मी येईन तेव्हा दगड काळजाशी असेल. बोलण्यात घालवायला माझ्याकडे वेळ नाही."

पोरीच्या गालावरून हात फिरवून, पळी खांद्यावर टाकून ती निघाली.

सहाव्या दिवशी वाटेत एक टिटवी पडलेली दिसली. पंखाला गोफणीचा धोंडा लागलेला. टिटवी म्हणाली, "मार बाई मला. राजा शाबासकी देईल."

"गप गं. तुझ्यात मांस ते किती! माझ्या पातेल्याचा तळसुद्धा झाकायचा नाही." येसाक्काने तिच्या पंखाला हळद लावली आणि तिला पदराच्या ओच्यात घेतलं. "पण खरं सांग. तू ओरडलीस म्हणून दगड येतो का?"

"मी दगड येताना बघते म्हणून ओरडते," टिटवी म्हणाली. "पण ओरडणाऱ्याचं ऐकतो कोण?"

नवव्या दिवशी गुहा आली. दाराशी मोजाई चूल पेटवून बसली होती. दोघी म्हाताऱ्यांनी एकमेकींना न्याहाळलं.

मोजाई म्हणाली, "तीन कामं आहेत. चुकलीस तर दगड होशील."

"पाणी तरी विचारशील की नाही? नऊ दिवस चालून आलेय."

"पाणीच तुझं पहिलं काम आहे," मोजाई म्हणाली आणि आत घेऊन गेली.

आत शंभर रांजण होते, दहा ओळी, ओळीत दहा. झाकणं घट्ट बसवलेली. पहिल्या ओळीपाशी दोन पंडित दगड होऊन उभे, हातातले चमचे ओठांना तसेच लागलेले.

"यातले गोड किती, कडू किती ते सांग. पण चाखायचे फक्त दहा."

"यांनी काय सांगितलं?"

"पुढची ओळ चाखली. दहाही गोड. म्हणाले, शंभर गोड."

येसाक्का कपाळाला हात लावून हसली. "अगं, वरण न ढवळता वरचं पाणी चाखलं की अळणीच लागायचं. मीठ तळाशी." मग तिचा चेहरा पडला. पातेलं असतं तर पळी घालून तळापासून ढवळलं असतं. रांजण कसे ढवळायचे?

टिटवी म्हणाली, "आक्का, डोळे मिट आणि हात लागेल तो उघड."

"मिटल्या डोळ्यांनीही माझे पाय जवळच्याच रांजणाकडे वळतील, बाई. गुडघे दुखतात माझे." ती बोलता बोलता थांबली. मग चुलीजवळचं फुटकं मडकं घेतलं, त्याच्या दहा खापऱ्या केल्या, कोळशाने एकीवर एक रेघ, दुसरीवर दोन, अशा दहापर्यंत ओढल्या. सगळ्या एका गाडग्यात टाकून पळीने चांगल्या ढवळल्या. "रांजण ढवळता येत नाहीत, पण निवड तर ढवळता येते! पहिली खापरी ओळीची, दुसरी त्या ओळीतल्या रांजणाची. काढून बघायची, परत टाकायची, परत ढवळायचं. खापरीला गुडघे नसतात, गं. तिला दूरचं न् जवळचं सारखंच."

खापरी नेईल तिथे ती गेली. नवव्या ओळीच्या कोपऱ्यातसुद्धा गेली, कण्हत, शिव्या देत. दहा घोट झाले. सहा गोड, चार कडू.

"साधारण साठ गोड," येसाक्का म्हणाली. "पंधरा-वीस इकडेतिकडे."

"इकडेतिकडे नको. नेमकं सांग."

"दहा घोटांत नेमकं सांगणारा थापाड्या. आणखी चाखू देशील तर आणखी जवळ जाईन. तेवढ्यावर एवढंच खरं आहे, आणि खरं तेवढंच मी बोलणार."

मोजाईने डोळे बारीक केले. "सत्तावन्न गोड, त्रेचाळीस कडू. तुझ्या राज्याची शंभर गावं आहेत. हे त्यांच्या विहिरींचं पाणी. पुढची ओळ राजवाड्याजवळच्या गावांची."

येसाक्काच्या जिभेवर कडू अजून होतं. ती पळी उचलून पुढच्या दाराकडे वळली.

दुसऱ्या दाराआड पंगत बसली होती. आठ माणसं आणि नववा राक्षस, खांबाएवढा. शेजारी तिसरा पंडित, रांजणांतून कसाबसा सुटून इथे बोटं मोजता मोजता दगड झालेला.

मोजाई म्हणाली, "हा किती खातो, तो किती खातो, सगळं तुला सांगते. तू एक आकडा सांग. तेवढ्या भाकरी प्रत्येक पानावर पडतील आणि पानातलं संपवल्याशिवाय उठता येणार नाही."

एक म्हातारी एक भाकरी खाई. दोघं दोन-दोन, तिघं तीन-तीन, दोघं चार-चार. राक्षस अडुसष्ट.

"पंडिताने बेरीज केली नव्वद. नवांनी भागली. प्रत्येकी दहा, म्हणाला."

आठही जणांनी पोटं धरली होती. म्हातारी कण्हत म्हणाली, "बाई, दहा वाढू नका हो परत." आणि राक्षस कोपऱ्यात भुकेने मुसमुसत होता.

येसाक्काचा पारा चढला. "दहा खाणारा यात आहे तरी कोण? एकही नाही! एका राक्षसाच्या पोटाने सगळ्यांची पोटं मोजलीत?" तिने सगळ्यांना उठवलं, कमी खाणाऱ्यापासून जास्त खाणाऱ्यापर्यंत ओळीने उभं केलं आणि बरोबर मधल्याच्या खांद्यावर पळी ठेवली. अलीकडे चार, पलीकडे चार. "किती खातोस रे तू?"

"तीन, आक्का."

"तीन वाढा."

"आणि हा?" मोजाईने राक्षसाकडे बोट दाखवलं.

"पंगतीला एक आकडा मागितलास, तो दिला. पण एकट्या आकड्यावर वाढणारी आचारीण मी नव्हे. कोण किती कमी, कोण किती जास्त, तेही बघायचं. म्हातारीच्या दोन उरतील, त्या चारवाल्यांना द्या. आणि राक्षसाचं पान वेगळं मांडा. त्याला पंगतीतून हाकलायचं नाही, पण त्याच्या भुकेचं ओझं दुसऱ्याच्या पानात टाकायचं नाही." ती राक्षसाकडे वळली. "रडू नको रे बाळा. कोण आहे तिकडे, पीठ आणा!"

तिने स्वतः बसून अडुसष्ट भाकरी थापल्या. राक्षसाने तिच्या पायांवर डोकं ठेवलं. डोकं बरंच मोठं होतं, ती जवळजवळ पडलीच.

तिसऱ्या कामासाठी मोजाई तिला पलीकडच्या माळावर घेऊन गेली. अर्धा माळ हिरवा, अर्धा दगड, आणि दगडाची कड मुंगीच्या चालीने पुढे सरकत होती. मोजाईने सुरी पुढे केली. "जिथे जिथे टिटवी ओरडली, तिथे तिथे दगड आला. सगळं राज्य साक्षीला आहे. ओच्यातल्या पाखराचा गळा काप. पोर बरी होईल."

येसाक्काने सुरी हातात घेतली. तिकडे पोर कंबरेपर्यंत दगड झाली होती. टिटवीने मान पुढे केली. "काप, आक्का. तुझ्या लेकीपुढे मी कोण?"

"थांब जरा." येसाक्काने सुरी खाली ठेवली. मग म्हणाली, "माझ्याकडे दूध उतू गेलं की मांजर येतं. रोज येतं. पण दूध त्याच्यामुळे उतू गेलं म्हणत मी त्याला कधी मारलं नाही. आधी बघू दे."

तिने दगडाच्या कडेला गवताच्या चौदा जुड्या निवडल्या, दोन-दोन शेजारच्या, कडेपासून सारख्या अंतरावर. दोन्हींतल्या कुठल्या जुडीपाशी टिटवीने ओरडायचं, ते खापरीने ठरवलं. दुसरीपाशी टिटवीने चोच मिटायची. सात जोड्या, एकामागून एक. टिटवी घसा बसेपर्यंत ओरडली. तीन जोड्यांत ओरडलेली जुडी आधी दगड झाली, चार जोड्यांत गप्प ठेवलेली.

येसाक्काने सुरी उचलून दूर भिरकावली. "हिच्या ओरडण्याने दगड येत नाही, गं. ही वर्दी देते. वर्दी देणाऱ्याला मारायची आमच्या राज्याला खोडच आहे. तूही वर्दीच द्यायला आली होतीस ना?"

मोजाई खाली बसली. पहिल्यांदाच ती थकलेली दिसली. "नऊ दिवस चालत गेले होते मी," ती म्हणाली.

"ठाऊक आहे. मीही आता चाललेय तेवढी." येसाक्काने तिच्या पायांची धूळ पदराने पुसली. "आता शाप काढ."

"माझ्या हातात नाही. ज्याने पाहिलं नाही, त्यानेच पाहिलं पाहिजे." मोजाईने कडू पाण्याची एक कळशी दिली. "त्याला हे पाज. मग याच पाण्याने त्याला लेकीचे पाय धुऊ दे."

राक्षस म्हणाला, "आक्का, खांद्यावर बसा." म्हणून ती वेळेत पोहोचली. दगड काळजापासून दोन बोटांवर होता. पोरीचा आवाज गेला होता, डोळे तेवढे दाराकडे लागले होते.

राजाने एक घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं. "हे कुठलं पाणी?"

"तुमच्याच राज्यातलं, महाराज. त्रेचाळीस गावं हेच पितात. आता खाली बसा."

राजा आयुष्यात प्रथमच लेकीच्या पायांशी बसला. धुता धुता त्याचा हात घोट्यापाशी थांबला. दगडातही एक जुना व्रण दिसत होता. "हा कसला?"

"पाच वर्षांची असताना तुमच्या पायरीवरून पडली. रक्त थांबेना. तुम्हाला बोलावणं पाठवलं होतं. पण सोमवार होता, तुम्ही सुख मोजत होता."

राजाने तो व्रण दोन्ही हातांत धरला आणि कितीतरी वेळ नुसतं बघत राहिला. दुसरं काही केलं नाही. बघता बघता दगडाला बारीक तडा गेला. तडा घोट्यावरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून कंबरेवर चढला, खपल्या गळाल्या, आणि राजकन्येने एकदम पाय ओढून घेतला.

"बाबा, गुदगुल्या होतात!"

येसाक्का भिंतीकडे तोंड करून पळी पुसू लागली. तिला रडताना कुणी बघितलेलं तिला खपत नसे.

त्या घटकेला सीमेवरची गावं जागी झाली. पंडितही जागे झाले आणि हातातले चमचे लपवत परत आले. मग राजाने शंभर गावांच्या शंभर खापऱ्या केल्या. दर सोमवारी येसाक्का त्या तळापासून ढवळी आणि राजा दहा काढी. जे गाव निघेल तिथे तो स्वतः राक्षसाच्या खांद्यावर बसून जाई, तिथलं पाणी पिई, आणि घरंही तशीच खापरीने निवडी. कडू विहिरी उपसल्या, नव्या खणल्या. सगळ्या सोमवारांची बेरीज करून दवंडी पिटली जाई ती अशी: "ऐका हो, राज्यातली नव्वदेक गावं गोड पाणी पितात, चार-पाच इकडेतिकडे, आणि उरलेल्यांकडे राजा निघाला आहे!"

टिटवीने मुदपाकखान्याच्या परसात घरटं केलं. ती ओरडली की राजा हातातला घास खाली ठेवून बाहेर येई.

त्यांच्या विहिरी गोड झाल्या, तशा ऐकणाऱ्यांच्याही होवोत.