बातमीची शिडी

“शिडी कशाला आणलीय गं?”

सोसायटीत सगळे हेच विचारतात. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, सोफ्यामागे, दहा फुटी बांबूची शिडी आडवी पडलेली असली तर विचारणारच. लिफ्टमध्ये ती मावली नव्हती. बाबांनी आणि मी ती जिन्यानं चढवली, तेव्हा सगळ्यांनी दारं उघडून पाहिलं.

कुणाला सांगायचं नाही, असं बाबांनी मला बजावलं आहे. मी तशीही फार बोलत नाही. पण लिहायचं नाही, असं ते म्हणाले नव्हते.

शिडी नेमगोंडा आप्पांची आहे.

आप्पा शिरगुंडीला राहतात. नदीकाठचं ते बाबांचं गाव. तिथं चावडीच्या भिंतीवर एक काळा फळा आहे. आप्पा त्यावर रोज सकाळी खडूनं गावाच्या बातम्या लिहितात. कुणाची म्हैस सुटली, कुठली मोटर जळली, ग्रामसभेत कोण काय बोललं. एकेचाळीस वर्षं झाली. येताजाता कुणाचा हात लागून अक्षरं पुसू नयेत म्हणून फळा उंच लावला आहे. म्हणून शिडी.

शिडीच्या खालच्या पायरीला एक फडका बांधलेला असतो. ज्याच्याबद्दल फळ्यावर लिहिलं आहे, त्याला ते पुसायचा हक्क आहे. मात्र चढायचं सगळ्यांसमोर, आणि का पुसलं ते वरूनच सांगायचं. त्याचं म्हणणं खरं निघालं, तर आप्पा त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, खरं ते लिहितात.

बाबा बातमी लिहायला शिकले ते याच शिडीवर उभे राहून.

आता ते शहरात एका मोठ्या वृत्तसमूहात आहेत. एक दैनिक आणि एक वाहिनी. नाव लिहीत नाही, तेवढं तरी पाळते. आधी ते बातमीदार होते, आता सामाजिक जबाबदारी विभागाचे प्रमुख आहेत. समूहानं वर्षभरात समाजासाठी, निसर्गासाठी काय केलं, त्याचा अहवाल ते दरवर्षी काढतात.

या वर्षीच्या अहवालाला दिल्लीचा मोठा पुरस्कार मिळणार, अशी त्यांची खात्री होती. एकच गोष्ट राहिली होती. पहिल्या पानावर बाहेरच्या एखाद्या जाणत्या माणसाची सही हवी होती... की यात लिहिलेलं खरं आहे. बाबांनी ऑफिसात सांगून टाकलं होतं, सही आप्पांची असेल. अहवाल सोमवारी छापायला जाणार होता.

रविवारी सकाळी आम्ही शिरगुंडीला गेलो.

आप्पा नुकतेच फळा लिहून खाली उतरले होते. धोतरावर खडूची भुकटी होती. ते कट्ट्यावर बसले. बाबांनी वाकून नमस्कार केला आणि अहवाल त्यांच्या मांडीवर ठेवला.

“चष्मा घरी राहिलाय,” आप्पा म्हणाले. “तूच सांग.”

बाबांना सगळं पाठ होतं.

“बारा हजार झाडं लावली, आप्पा. छपाईत एकतीस टक्के पाणी वाचवलं. कागद सगळा रद्दीपासून बनवलेला. छतावर सौर पॅनेल. पूरग्रस्तांना चोवीसशे चादरी.”

“झाडं जगली?”

“नऊ हजार जगली. तीन हजार मेली. तेही छापलंय. लपवलेलं नाही.”

“शाब्बास.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांची छाती जरा पुढं आली होती.

“आणि बातम्या कुठल्या पानावर आहेत?”

“कसल्या बातम्या?”

“तुम्ही पेपर काढता ना, सुकुमार?”

बाबा हसले. “ते संपादकीय खातं, आप्पा. माझं खातं वेगळं.”

“मग हा अहवाल पेपरचा आहे, की पेपरच्या झाडांचा?”

“सगळीकडं अहवाल असेच असतात.”

आप्पा हसले नाहीत. “साखर कारखान्यानं अहवाल काढला. त्यात झाडं आहेत, शाळेला बाकं आहेत... आणि नदीत सोडलेल्या मळीचं नावच नाही. तू काय करशील?”

“पहिल्या पानावर छापीन!” बाबा लगेच म्हणाले.

मग त्यांची नजर आप्पांच्या मांडीवरच्या अहवालाकडे गेली.

मी अहवाल उचलून चाळला. चौऱ्याऐंशी पानं होती. बातम्यांचं पान खरंच नव्हतं.

तेवढ्यात दुधाची किटली घेऊन एक बाई आल्या. आप्पांनी विचारलं, “छबू, आज उशीर?” त्या म्हणाल्या, “म्हस अडून बसली आप्पा, तुमच्यागत.” आप्पांना हे आवडलं असावं.

“मावशी, जरा पाणी मिळेल?” बाबांनी विचारलं.

छबूताईंनी चावडीतल्या माठातून तांब्या भरून आणला. बाबा घटाघट प्यायले.

मी छबूताईंच्या हनुवटीकडे पाहत होते. तिथं तीन हिरवे ठिपके गोंदलेले होते. डाव्या भुवईत एक खाच होती, जुन्या जखमेची.

मी हातातल्या अहवालाच्या मुखपृष्ठाकडे पाहिलं.

मुखपृष्ठावर पुराचं पाणी आहे. पाण्यातून एका घराचं कौलारू छप्पर वर आलं आहे. छपरावर एक बाई बसली आहे, कुशीत बकरी. खाली ठळक अक्षरांत ‘आम्ही सोबत आहोत’.

हनुवटीवर तीन ठिपके. भुवईत खाच.

 मला बोलायला वेळ लागतो.

आप्पांनी अहवाल माझ्या हातातून घेतला आणि मुखपृष्ठ बाबांसमोर धरलं. मला तेव्हा शंका आली, की चष्मा घरी राहिलेला नसावा.

“हा फोटो कुणी काढला?”

“मी, आप्पा.” बाबांचा आवाज एकदम मऊ झाला. “पुराच्या तिसऱ्या दिवशी, बोटीतून. देशभर गेला हा फोटो. मी आज जो काही आहे तो...”

“किती वेळा छापलात?”

“मोजलं नाही. दर पावसाळ्यात लागतो. पुराची बातमी आली की हाच काढतात.”

“खाली काय लिहिता?”

“पूरग्रस्त महिला. आणि कंसात ‘संग्रहित’. म्हणजे फोटो जुना आहे, हे वाचणाऱ्याला कळावं.”

“दर वेळी लिहिता?”

“...बहुतेक वेळा.”

“बाईचं नाव?”

“तेव्हा विचारायला वेळ नव्हता. पाणी चढत होतं.”

“पाणी उतरल्यावर?”

बाबा मुखपृष्ठाचा दुमडलेला कोपरा सरळ करू लागले.

“चेहरा तरी ओळखशील?”

“आप्पा!” बाबा दुखावले. “सात वर्षं माझ्या टेबलासमोर लावलाय. हजारांत ओळखीन.”

छबूताईंनी त्यांच्या हातातला रिकामा तांब्या घेतला.

“आनि देऊ?”

“नको मावशी, पुरे.”

मग मीच बोलले. माझा आवाज फार बारीक निघाला. “बाबा... त्यांच्याकडे बघा ना.”

बाबांनी आप्पांकडे पाहिलं.

“आप्पांकडे नाही. मावशींकडे.”

बाबांनी पाहिलं. मग मुखपृष्ठाकडे पाहिलं. मग परत वर पाहिलं. त्यांचे कान लाल झाले.

“त्यास्नी ओळखायचं कसं?” छबूताई मला म्हणाल्या. “तवा माझ्या हातात बकरी हुती.”

बाबा उभे राहिले. त्यांनी हात जोडले. “ताई, मला... तुम्ही सुखरूप आहात, हे बघून किती बरं...”

“सुखरूप हाय की. आठ म्हशी हायत. वरच्या गावठाणात पक्कं घर बांधलंय, तितं पानी येत न्हाई. पर तुमच्या पेपरात मी अजून कौलावरच बसलीया.”

“तो फोटो...”

“औंदा पोराची सोयरीक ठरली हुती. सुपारी फुटायची तेवढी ऱ्हायली हुती. पोरीचा बाप म्हनला, काल पेपरात बगितलं, तुमचं घर पान्यात हाय. म्या म्हनलं, फोटू जुना हाय. त्यो म्हनला, तसं लिव्हलेलं न्हवतं.” त्यांनी पदरानं किटलीचं झाकण पुसलं. “मोडली.”



“तुम्ही आमच्याकडं यायचं होतं,” बाबा म्हणाले.

“आल्ते की. दोनदा. गेटावर इचारलं, पूरग्रस्त का? म्हनलं, व्हय, पर माझं म्हननं असं हाय... तवर त्यांनी अंगठा घेतला आन् चादर दिली. दुसऱ्या डावाला बी चादरच.” त्या अहवालाकडे पाहत म्हणाल्या, “किती म्हनला चादरी? चोवीसशे? त्यातल्या दोन माझ्या. ऊब चांगली हाय.”

बाबा खाली बसले.

आप्पा उठले. शिडीच्या पायरीचा फडका सोडला, माठातल्या पाण्यानं भिजवला, पिळला आणि छबूताईंपुढं धरला.

“तुझ्याबद्दल छापलंय. पूस.”

छबूताईंनी अहवाल कट्ट्यावर ठेवला आणि भांडं घासावं तसा मुखपृष्ठावर फडका फिरवला. कागद गुळगुळीत होता, वर चकचकीत थर दिलेला. वाटेतली धूळ तेवढी निघाली. पुराचं पाणी आणखी गढूळ दिसायला लागलं, बकरीचा एकेक केस दिसायला लागला.

“पुसत न्हाई वो आप्पा.”

“नाही?”

“जास्तच चकाकतंय.”

बाबा घाईनं म्हणाले, “मी बदलतो ना मुखपृष्ठ. बाईंच्या जागी झाडं टाकतो. उद्या सकाळपर्यंत होऊन जाईल. मग सही द्याल ना, आप्पा?”

आप्पांनी त्यांच्याकडं पाहिलं...

“झाडं टाकलीस, तर बाई कुठं जाईल?”

“ती... दिसणार नाही.”

“म्हणजे बुडाली.”



आप्पांनी भिंतीला टेकवलेली शिडी काढली. वय झालंय, पण शिडी ते अजून एका हातानं पेलतात. ती त्यांनी बाबांच्या खांद्यावर ठेवली.

“घेऊन जा.”

“आप्पा, मी सही मागितली होती.”

“मी शिडी देतोय.”

“आमच्या ऑफिसला लिफ्ट आहे आप्पा. शिडीचं मी काय करू?”

“ही बाई जिथं बसलीय, तिथवर जाते तुमची लिफ्ट?”

 बाबांनी शिडी खांद्यावरून उतरवली नाही.

ऑफिसच्या पांढऱ्या गाडीच्या टपावर शिडी बांधली. बाबांना गाठ जमेना. छबूताईंनी त्यांना कोपरानं बाजूला सारलं आणि म्हशीला दाव्यानं बांधतात तशी गाठ मारली. “आता नदीत पडला तरी सुटायची न्हाई,” त्या म्हणाल्या. जाताना मला म्हणाल्या, “तू बोल्लीस ते बरं केलंस, बाय.”

बाबा गाडीत बसले. गाडी सुरू केली. मग त्यांची नजर फळ्यावर गेली. त्यांनी गाडी बंद केली आणि काचेतून डोकं बाहेर काढलं.

“आप्पा! उद्या तुम्ही फळा कसा लिहिणार?”

“कोरा राहील.”

“एकेचाळीस वर्षांत एक दिवस कोरा राहिला नाही!”

“उद्या राहील.”

“गाव विचारेल, आप्पा. काय सांगाल?”

आप्पांनी हातावरचा खडू झटकला.

“सांगेन, बाई अजून छपरावर आहे.”

याला आज नऊ दिवस झाले. फळा कोरा आहे. सोमवारी अहवाल छापायला गेला नाही. तो फोटो किती वेळा छापला, ते बाबा रोज ऑफिसात जुने अंक काढून मोजत होते. तेवीस वेळा, असं त्यांनी आईला सांगितलं. त्यातल्या सहा वेळा ‘संग्रहित’ नव्हतं. चादरींचा आकडा त्यांनी चोवीसशेवरून दोननं कमी केला. संपादकांशी दोनदा भांडण झालं, कारण बाबा म्हणत होते की दुरुस्ती छापायची ती जिथं फोटो छापला तिथंच, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत. परवा ते छबूताईंच्या घरी जाऊन आले, कॅमेरा न घेता.

आप्पांच्या त्या शेवटच्या वाक्याचा अर्थ आई मला विचारते. बाबांना विचारायची तिला भीती वाटते. मला तो कळला आहे, असं मला वाटतं. आप्पांना म्हणायचं होतं की ज्यानं फोटो काढला, त्यानं आधी...

“पदू! शिडीचं दुसरं टोक धर गं, शिरगुंडीला निघायचंय. आणि आजचा पेपर घे बरोबर. पहिलं पान दुमडू नकोस!”