खिंडीत टाकलेले मंगळसूत्र

घाटाखालच्या एका गावात एकदा एक वृद्ध वस्ताद राहत होते. लाठी आणि दांडपट्टा यांत त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. त्यांचा एक शिष्य अंगाने धिप्पाड, मनाने सरळ, पण मोठा मानी होता. विद्या पूर्ण करून तो घाटमाथ्यावर आपल्या गावी परतला. यथावकाश त्याचे लग्न झाले, आणि नवी नवरी सगुणा हिला गुरूंच्या पाया पडायला न्यावे म्हणून एके दिवशी उजाडताच दोघे घाट उतरू लागले.

खिंडीत तिघे आडवे आले. दोघांच्या हाती कोयते होते, तिसऱ्याच्या हाती कुऱ्हाड.

"अंगावरचं सगळं काढा. ओरडलात तर बघा!"

शिष्याने काठी सावरली, एक पाय पुढे टाकून पवित्रा घेतला. तेवढ्यात सगुणा त्याच्या पुढे झाली.

"देते, दादा, सगळं देते. काढायला गळ्याशी हात नेते हं," असे सांगून तिने मंगळसूत्र उतरवले, पाटल्या काढल्या आणि सारे रुमालात बांधले. मात्र ते गाठोडे चोरांच्या हाती न देता तिने चढाकडच्या करवंदीच्या जाळीत दूर भिरकावले. तिघेही तिकडे धावले. त्याच क्षणी नवऱ्याचे मनगट धरून ती उतारावरून पळत सुटली.

गाव दिसू लागले, तेव्हा कुठे दोघे थांबले. शिष्य धापा टाकत म्हणाला, "काय केलंस हे! बायकोचं मंगळसूत्र चोरांना देऊन पळाला म्हणून लोक मला हसतील." मोकळ्या गळ्यावरून पदर ओढून सगुणा त्याच्या मागे चालू लागली.

तालमीत पोहोचल्यावर शिष्याने खाली मान घालून घडले ते सांगितले. "वस्ताद, हिचा माझ्या मनगटावर भरवसा नाही. तुमच्या नावाला मी बट्टा लावला."

"लागलं कुणाला?" वस्तादांनी विचारले.

"नाही."

"चोर दिसायला कसे होते?"

शिष्याला सांगता येईना. सगुणा हळूच म्हणाली, "एक लंगडत होता, बाबा. कुऱ्हाडवाला अगदी कोवळा होता, त्याचा हात थरथरत होता."

वस्तादांनी लगेच शेजाऱ्याला पाटलाकडे वर्दी द्यायला धाडले आणि त्या वाटेने कुणी एकट्याने जाऊ नये, असा निरोपही दिला. मग ते उठले. भिंतीशी मांडलेल्या शस्त्रांना त्या सकाळी झेंडूचा हार घातला होता. तो त्यांनी काढला आणि सगुणेच्या ओंजळीत ठेवला. शिष्य चकित झाला. शस्त्रांचा मान वस्तादांनी आजवर कोणालाही दिला नव्हता.

"वस्ताद, लढल्याशिवाय हा मान?"

"बैस," वस्ताद म्हणाले. "वार करायला मी तुला शिकवलं, अडवायलाही शिकवलं. पण वार होऊच द्यायचा नाही, ही विद्या तुझ्या अंगी उतरली नाही. निर्ढावलेला चोर माल घेऊन चालता होतो. भ्यालेला चोर काय करील, ते त्याचं त्यालाही ठाऊक नसतं. तू एकाला लोळवलं असतंस, फार तर दोघांना. तिसऱ्याची कुऱ्हाड कुठं बसली असती? अरे, मंगळसूत्र बायको कुणासाठी घालते? तू जिवंत राहावास म्हणून तिनं ते टाकलं. मंगळसूत्राचा मान याहून अधिक कसा राखायचा?"

"मग काठी कशाला शिकलो, वस्ताद?"

"ज्या दिवशी त्यांना वस्तू नको, माणूसच हवं असेल, आणि पळायला वाट उरणार नाही, त्या दिवसासाठी. तो दिवस आज नव्हता. हे हिनं ओळखलं, तू नाही."

शिष्याची नजर सगुणेकडे गेली. खिंडीत जराही न कापलेले तिचे हात आता असे थरथरत होते की ओंजळीतला हार हलत होता. वाटभर आपण हिला एक शब्दही विचारला नाही, हे त्याच्या ध्यानी आले.

"भ्यालीस का गं?" तो खालच्या स्वरात म्हणाला.

"तुम्ही पाय पुढे टाकलात ना, तेव्हा," एवढेच ती बोलली, आणि इतका वेळ आवरलेले रडू तिला फुटले. तो तिच्याजवळ बसून राहिला.

थोड्या वेळाने वस्तादांच्या पत्नीने पिवळ्या दोऱ्यात ओवलेले हळकुंड आणून दिले. शिष्याने ते आपल्या हाताने सगुणेच्या गळ्यात बांधले.

लुटला गेलेला माणूस घरी आला, की "काय काय गेलं?" हे उद्या विचारले तरी चालते. "तुला लागलं नाही ना?" हे मात्र उंबऱ्यातच विचारावे.