चावणारं घोंगडं

एका गावात मायाप्पा नावाचा सणगर राहत होता. घोंगडी विणायची हा त्याचा धंदा. त्याची बायको सुंद्रा आणि त्यांची एकुलती एक लेक धुरपी. घर लहान, माग मोठा, आणि मागाचा मान त्याहून मोठा. कारण त्या गावची एक रीत होती. बाळ कुणाचंही असो, बारशाला त्याला पहिल्यांदा मायाप्पाच्या नव्या घोंगड्यावर निजवायचं. बाळ शांत निजलं की घोंगडं लाभलं म्हणायचं.

आता ही धुरपी जरा निराळी होती. कुणाच्या तोंडाकडं बघायची नाही. भांडं पडलं की कानांवर हात. भाकरीला कालवण लागलं तर भाकरी खाली ठेवायची. विचारावं तेवढंच बोलायची. आणि सगळ्यात मोठी पंचाईत म्हणजे घोंगडं अंगाला लागलं की अंग चोरायची, गुडघे पोटाशी घ्यायची आणि म्हणायची, "चावतंय."

बायका पाणवठ्यावर हसायच्या. सणगराच्या घरात लोकरीला भिणारी पोर, आता कोळ्याच्या घरात पाण्याला भिणारी तेवढी बघायची राहिली. सुंद्रा ऐकून न ऐकल्यासारखं करायची. मायाप्पा मात्र गिऱ्हाईक आलं की पोरीला मागल्या सोप्यात बसवायचा.

एका वर्षी पाऊस कमी झाला. जवळचं गवत वाळलं, म्हणून धनगरांनी मेंढरं लांबच्या माळावर नेली. तीच लोकर मायाप्पाच्या घरी आली. त्या लोकरीला धुरपीनं नुसतं बोट लावलं आणि दाराबाहेर पळाली. सारखं आपलं "चावतंय, चावतंय." पण ती तर नेहमीच तसं म्हणायची. कोण लक्ष देणार?

आणि त्या वर्षी बाळं रडायला लागली. घोंगड्यावर ठेवलं की किंचाळायची, अंगावर लाल ठिपके उठायचे. मोठी माणसं घोंगड्यावरून हात फिरवून बघत. हाताला काही लागत नसे. कसं लागणार? शेतात राबून त्यांच्या हातांना घट्टे, आणि मायाप्पाच्या बोटांना तर जन्माचे. कुणी मीठमिरची ओवाळली, कुणी म्हणालं, मागालाच नजर लागली.

शेवटी पाटलांच्या नातवाचं बारसं आलं. पाटलांनी निरोप धाडला, की हे बाळही रडलं तर घोंगड्याचा मान शेजारगावच्या सणगराला जाईल. मान गेला की गिऱ्हाईक जाणार, आणि गिऱ्हाईक गेलं की चूल विझणार. मायाप्पानं जीव ओतून घोंगडं विणलं. घडी घालताना मागून आवाज आला, "चावतंय."

"आज तरी तो शब्द काढू नकोस," मायाप्पा म्हणाला.

पोरीला घरी एकटी ठेवता येईना, म्हणून सुंद्रानं तिला पाटलांच्या गोठ्यात बसवलं. इकडं बाळाला घोंगड्यावर ठेवलं, आणि बाळानं टाहो फोडला. पाटील उठून उभे राहिले. तेवढ्यात कानांवर हात ठेवून धुरपी थेट माणसांच्या मधोमध आली.

"त्याला चावतंय," ती म्हणाली.

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, न्या रे तिला बाहेर. मायाप्पानं तिचा दंड धरला. ओढणार, तोच त्याची नजर बाळावर गेली. बाळानं अंग चोरलं होतं, गुडघे पोटाशी घेतले होते. अगदी त्याच्या लेकीसारखं.

त्यानं हात सोडला. चारचौघांत तिच्यासमोर खाली बसला आणि आजवर कधी विचारलं नव्हतं ते विचारलं, "कुठं चावतंय, धुरपे? दाखव मला."

धुरपी म्हणाली, "गप."

पाटलांना त्यांच्याच घरात कुणी गप म्हटलं नव्हतं. पण तेही गप बसले. बाळाला आईनं उचललं. धुरपीनं घोंगड्यावर गाल टेकला आणि हळूहळू सरकवत नेला. थांबली. नखानं काहीतरी ओढून शेजारच्या ओवाळणीच्या ताटात ठेवलं. पुन्हा गाल टेकला. असं करत घोंगडं पुरं होईपर्यंत ताटात चिमूटभर काड्या जमल्या. केसाहून बारीक, टोकाला काळ्या.

एका म्हाताऱ्या धनगरानं वाकून बघितलं. ही त्या लांबच्या माळावरच्या गवताची कुसळं, तो म्हणाला. मेंढरांच्या अंगात शिरली आणि लोकरीतच मोडली.

बाळाला पुन्हा निजवलं. त्यानं एक जांभई दिली आणि झोपलं. लोकांनी आनंदानं गलका केला, तशी धुरपी कान झाकून गोठ्याकडं पळाली. या वेळी तिला कुणी अडवलं नाही.

पुढं त्या घरी लोकर आली की पहिली धुरपीच्या गालाला लागू लागली. तिचं काम चाले तेव्हा मायाप्पा माग थांबवायचा आणि सुंद्रा भांडी अंगणात घासायची. धुरपी "आता नाही चावत" म्हणाली, तरच घोंगडं घराबाहेर पडायचं. तसं मऊ घोंगडं पंचक्रोशीत कुठं मिळेना. शेजारगावची बाळंसुद्धा त्यावरच निजू लागली. मायाप्पाच्या घरची चूल कधी विझली नाही. आणि गिऱ्हाईक आलं की मायाप्पा लेकीला हाक मारून पुढच्या सोप्यात, मागाशेजारी बसवायचा. त्यांच्या घराला जशी ऊब लाभली, तशी सगळ्यांच्या घरांना लाभो.

तात्पर्य: ज्याला इतरांहून जास्त टोचतं, त्याला गप्प करू नये, कुठं टोचतं ते आधी विचारावं.