सुपारीचं खांड

"तुमच्या सुपारीनंच तिची वाट लावली, आक्का! माझ्यावर कशाला खापर फोडता?"

गजेंद्रच्या आवाजानं कोपऱ्यातल्या तंबोऱ्याच्या तारा हलकेच गुणगुणल्या. मिरजेच्या त्या खोलीत आक्कांसमोर कुणी असा आवाज चढवत नसे. पण याला कोण आवरणार? लाडका शिष्य!

भांडण होतं एका तबकडीवरून. आक्कांच्या गुरूंची, बुवांची तबकडी. दुसरी प्रत कुठंच उरलेली नाही. स्वतःचा गळा गेला तेव्हा आक्कांनी ती गजेंद्रच्या हाती दिली होती. म्हणाल्या, "ती उतरती तान आता बुवांकडूनच घे."

वर्षानं आज तो तबकडी घेऊन आला, ती वाजवायच्या स्वतःच्या नव्या यंत्रासकट. आणि ऐन तानेवर बुवांचा आवाज फाटत होता.

"जन्मभर सुईच्या दांडीवर सुपारीचं खांड ठेवून ऐकलीत. नांगर फिरवलात नुसता! मी बघा, वजन पार उतरवलंय. फुलासारखी टेकते सुई."

"यंत्र बनवणारा सांगतो त्याहून कमी?"

"त्याहून कमी. बुवा आहेत ते, आक्का!"

आक्कांनी तबकडी उलटी केली.

"ही बाजू लावलीस कधी?"

"कशाला? तान त्या बाजूला आहे."

आक्कांनी पानाचा डबा उघडला. एक खांड निवडलं, दांडीच्या टोकाला, सुईच्या बरोबर वर ठेवलं.

बुवा गाऊ लागले. वर गेले, गरगरत खाली आले. खरखर नाही की ओरखडा नाही. जन्मभर खांडाखाली वाजलेली बाजू ती.

गजेंद्रची मान खाली गेली. तरी तोंड थांबेना.

"मग ती बाजू कशी फाटली?"

"खांड काढ. फाटलंय तिथंच लाव. तिथं आता आणखी काय बिघडायचंय?"

त्यानं लावलं.

"वाकून बघ."

तान आली, आणि ती फुलासारखी सुई थरथरायला लागली.

"आवाज चढला की तबकडीवरची रेघ जास्त वळते," आक्का म्हणाल्या. "सुईवर भार नसला की वळणावर ती रेघेची भिंत सोडते. उडते, परत आपटते. दर आपटीला एक टवका…"

गजेंद्रनं खांड उचललं, आपल्या हातानं परत ठेवलं. सुई बसली. बुवा मात्र फाटलेलेच राहिले.

"टवके भरून नाही येत?"

"नाही."

"मी जपत होतो हो, आक्का…"

तबकडी फिरून फिरून थांबली.

"म्हण ती तान," आक्का म्हणाल्या.

गजेंद्रनं डोळे मिटले. वर चढला. उतरताना त्याच त्या वळणावर सूर निसटला, नेहमीसारखा. आणि नेहमीसारखा तो थांबून राहिला. इतकी वर्षं या जागेवर आक्का एकच बोलत आल्या होत्या… "असू दे रे, येईल हळूहळू."

आज ते आलं नाही.

त्यानं डोळे उघडले. आक्कांनी दांडीवरचं खांड उचलून मुठीत घेतलं होतं. मूठ आवळलेली. नजर त्याच्याकडे नव्हती, तबकडीकडे होती.

"हात मीही हलकाच ठेवला, गजेंद्र… तुझ्यावर."