मुखिया आणि जांभळी वेल

फार दूर, चारी बाजूंना नुसता समुद्र असलेल्या एका बेटावर एक मुखिया राहत होता. माणूस मनाचा चांगला, पण नव्या वस्तूंचा भारी हौशी. किनाऱ्यावर केवड्याची दाट बनं होती. त्याच्या पातींच्या चटया घरोघरी विणल्या जात. पण मुखिया कुरकुरायचा, "जन्मापासून हेच काटे बघतोय!"

एकदा एक गलबत बेटावर पाणी भरायला थांबलं. जाताना व्यापाऱ्याने मुखियाला वीतभर वेल भेट दिली. टोकाला सुरेख जांभळं फूल.

"इथे वाढेल ना?" मुखियाने विचारलं.

"वाढेल? अहो मुखियाजी, तुम्ही वळून बघेपर्यंत वाढेल!"

मुखियाची बायको म्हणाली, "अहो, वर्षभर कुंडीत ठेवून बघू. मिरचीचं रोप आलं तेव्हा तसंच केलं होतं."

"एवढी देखणी वेल, आणि कुंडीत?" मुखियाने ती थेट दारात लावली. वर कौतुकाने घरोघरी तिच्या फांद्या लावायला वाटल्या.

महिन्याभरात घर जांभळं झालं. लोक बघायला येऊ लागले. मुखिया खूश! दुसऱ्या महिन्यात खिडक्या उघडेनात. तिसऱ्या महिन्यात दारची शेळी वेलीत दिसेना. ओरडणं मात्र अंगणातूनच ऐकू येई. वेलीचा पाला बेटावर कुणीच खाईना; शेळीनेही तो हुंगून तोंड फिरवलं होतं.

एका दुपारी मुखिया अंगणात झोपला होता. जागा होऊन उठायला गेला, तर पाय हलेना.

"अगं, धाव! मला कुणीतरी बांधलंय!"

बायको कोयता घेऊन आली. "कुणी नाही, तुमच्या लाडकीनेच बांधलंय. हलू नका, नाहीतर अंगठा जाईल."

इथवर सगळे हसत होते. पण वेल किनाऱ्यावर पोचली, केवड्याच्या डोक्यावर चढली. ऊन मिळेना, तशी बनं वाळून मोडली. मग मोठी भरती आली. केवड्याच्या मुळांनी धरलेली वाळू सुटली आणि समुद्र थेट चुलीपर्यंत आला. गुडघाभर पाण्यात उभ्या मुखियाने सगळ्यांसमोर मान खाली घातली.

"चूक माझी. माझ्याच दारापासून उपटायला घेऊ."

दोन वर्षं ते काम चाललं. मुळाचा बोटभर तुकडा राहिला, तरी वेल पुन्हा वर येई. मुखियाने स्वतःच्या हातांनी केवडा लावला. हाताला जागोजागी काटे बोचले, पण तोंडातून ब्र काढला नाही.

पुढे दुसरा एक व्यापारी आला. त्याने पिवळ्या फुलांचं झुडूप पुढे केलं. मुखिया दोन पावलं मागे सरला.

"तुमच्या मुलखात हे कोण खातं?"

"एक अळी खाते. अगदी फडशा पाडते."

"अळी आणलीत?"

"या वेळी नाही. पुढच्या खेपेला पोतंभर आणतो की!"

मुखियाला घाम फुटला. त्याने पाहुण्याला शहाळं दिलं, पिंपं भरून दिली आणि झुडूप आपल्या हातांनी परत गलबतात ठेवलं. शीड दिसेनासं होईपर्यंत तो किनाऱ्यावर हात हलवत उभा राहिला.

"किती आदराने निरोप दिलात!" बायको म्हणाली.

"आदर कसला? गलबत मागे वळतंय का, ते बघत होतो."

तात्पर्य: नवं काही आवडलं, तरी ते आपल्या मातीत कसं वागतं हे पारखल्याशिवाय त्याला मोकळं रान देऊ नये.