मिठाची राजकन्या आणि शेवटचा करंज

एका राज्यात नदी गोडं पाणी घेऊन यायची, समुद्र खारं घेऊन यायचा, आणि दोघांची गाठ पडायची तिथे करंजांची राई उभी होती. राई कसली, राज्याची भिंतच ती! मुळं चिखलात रुतलेली, वर दाट हिरवी सावली, आणि भरतीचं पाणी बुंध्यांना लागून मुकाट्याने मागे फिरायचं. गुरं त्या पाल्याला तोंड लावत नसत, कारण तो कडू. पण कडूपणाचाही उपयोग असतो, बरं का.

तिथला राजा अरिमर्दन. त्याला दोन राण्या, एक आवडती, एक नावडती. नावडतीचं नाव कुमुदिनी. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात ना, तिच्या बाबतीत ते अक्षरशः खरं होतं. तिने रांधलेल्या ताटावर राजा बसायचा, एक घास घ्यायचा आणि "अळणी" म्हणून उठायचा. पुढे राईखाली कुणा मांत्रिकाचा खजिना पुरलाय असं राजाच्या कानावर आलं आणि त्याने कुऱ्हाडी काढल्या. कुमुदिनी आडवी आली. म्हणाली, महाराज, ही झाडं खजिन्यावर नुसती उगवलेली नाहीत, त्यातला शाप मुळांनी दाबून बसली आहेत. राजाने तिला खाडीकाठच्या झोपडीत धाडलं. तिची आठ वर्षांची लेक शेवंती मात्र वाड्यात ठेवून घेतली.

राई पडली, हंडे निघाले. राजाने वरचाच रत्नहार उचलून कौतुकाने लेकीच्या गळ्यात घातला. दुसऱ्या सकाळी शेवंतीच्या पायाची बोटं पांढरी पडली. वैद्याने बोट लावून चाखलं, तर ते मीठ होतं.

हार निघेना, तुटेना. मीठ दुपारपर्यंत घोट्यांवर चढलं. कातडीच्या रोगावर करंजाच्या तेलासारखं औषध नाही, म्हणून वैद्याने कोठारातलं तेल आणून चोळलं, पण ते मिठावरून ओघळून जमिनीवर गेलं. कुमुदिनी अनवाणी धावत आली. लेकीचे पाय मांडीवर घेतले तर ते थंड आणि जड. "आई, मला बोटं हलवता येत नाहीत," शेवंती म्हणाली.

ती बाहेर आली तेव्हा तोडलेल्या एका बुंध्यावर खंड्या पक्षी बसला होता. तो बोलू लागला.

"बाई, परवा सूर्य बुडताना मीठ काळजाशी पोचेल. त्याआधी तीन कामं कर. जिवंत करंज शोध. त्याची शेंग लोखंड, दगड आणि दात न लावता उघड. आतलं बी त्याच्या हक्काच्या जागी ठेव. चुकलीस तर बी मिठाचं होईल, आणि दुसरं मिळणार नाही."

तिने हे सांगताच राजाने चारी दिशांना घोडेस्वार सोडले. ते डोंगरावर चढले, देवराया धुंडाळल्या आणि संध्याकाळी पोतीभर पाला घेऊन आले. त्यात जांभूळ होती, पिंपळ होता, करंज नव्हता. अहो, शोधायचं कुठे तेच ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्या घोड्यांनी काय करावं? कुमुदिनीने दरवर्षी पाहिलं होतं की करंजाच्या चपट्या शेंगा गळतात, पाण्यावर तरंगतात आणि ओहोटीबरोबर दक्षिणेकडे जातात. तिने होडी सोडली, वल्हं आत ठेवलं आणि ओहोटीला म्हणाली, ने बाई, तुझ्या शेंगा नेतेस तिथे मला ने.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तेव्हा होडी खाडीच्या वळणावर चिखलात अडकली. तिथे एकच करंज उभा होता आणि त्याला एकच शेंग होती. सावलीत जख्ख म्हातारा मांत्रिक बसलेला. खजिना त्याचाच होता.

"शेंग घे," तो म्हणाला, "पण ती आपणहून फुटत नाही. ओल्या मातीत कुजावी लागते. त्याला महिने लागतात."

"माझ्या हाती उद्याची संध्याकाळ आहे."

"या सावलीत बाहेरच्या एका घटकेला वर्ष सरतं. मात्र ते वर्ष बसणाऱ्याच्या अंगावरून जातं. नाहीतर हा दगड घे. एका ठोक्यात मोकळी होशील."

तिने दगडाकडे पाहिलंसुद्धा नाही. शेंग चिखलात दाबली, वर तळहात ठेवला आणि बसली. झाडाची पानं पिवळी होऊन गळली. कोवळी, तांबूस, चकचकीत पालवी फुटली. पांढऱ्या-जांभळ्या फुलांचा सडा तिच्या खांद्यांवर पडला, मग पाऊस आला आणि गेला. असं वीस वेळा झालं. मांत्रिकाची शेंग ती, साध्या शेंगेहून वीसपट चिवट. कुमुदिनीच्या हातांवर सुरकुत्या आल्या, केस पांढरे झाले, पाठीला बाक आला. विसाव्या पावसानंतर टरफल बोटांखाली विरघळलं आणि तांबूस रंगाचं एकच बी तिच्या मुठीत आलं. बाहेर तेव्हा अजून संध्याकाळही झाली नव्हती.

परतीला पाणी उलटं होतं. म्हाताऱ्या हातांनी ती रात्रभर आणि दिवसभर वल्हवत राहिली. वाड्यात पोचली तेव्हा ऊन भिंतीच्या वरच्या टोकाला चढलं होतं आणि मीठ शेवंतीच्या बरगड्यांपर्यंत आलं होतं. राजाने राणीला ओळखलं नाही. आवाज ऐकला तेव्हा ओळखलं.

वैद्य खलबत्ता घेऊन तयारच होता. जुनं तेल शिळं होतं, याचं ताजं काढतो, असं म्हणाला. सगळ्या दरबाराने माना डोलावल्या. राजाने हात पुढे केला.

"राणी, बी दे. वेळ नाही."

कुमुदिनीची मूठ उघडेना. तिच्या झोपडीसमोर खाऱ्या मातीचा पट्टा होता, गवतही न उगवणारा. गेल्या वर्षी त्यात एक करंज रुजला होता, आणि राईबरोबर तोही कुऱ्हाडीखाली जाईपर्यंत त्याच्या भोवतीचा पांढरा खार हळूहळू नाहीसा झाला होता. चुकले तर? चुकले तर लेक गेली.

"करंजापासून आपल्याला तेल हवं असतं, महाराज," ती म्हणाली. "करंजाला काय हवं असतं, ते आजवर कुणी विचारलंय?"

आणि तिने ते बी लेकीच्या मिठाच्या पावलांमध्ये, गळून पडलेल्या खारात खुपसलं. वर ओंजळभर नदीचं गोडं पाणी घातलं.

काही झालं नाही. ऊन भिंतीवरून सरकलं. मीठ एक बोट वर चढलं. शेवंतीचा श्वास अडखळला, राजा ओरडला, वैद्याने डोळे मिटले. कुमुदिनी मात्र खालीच बघत होती. बी उकललं. पांढरं मूळ निघालं, मिठात शिरलं आणि पिऊ लागलं, घटाघटा पिऊ लागलं. मीठ काळजापासून मागे हटलं, कंबरेवरून, गुडघ्यांवरून, घोट्यांवरून उतरलं. सूर्य बुडाला तेव्हा शेवंतीची बोटं हलत होती. गळ्यातला हार आपोआप तुटून पडला आणि मुळांनी तो फरशीखाली ओढून नेला.

हंडे पुन्हा पुरले गेले. त्यांच्यावर राजाने स्वतःच्या हातांनी करंज लावले, आणि वाड्याच्या मधोमध उगवलेल्या झाडासाठी छप्पर काढून टाकलं. राणीचे केस मात्र पांढरेच राहिले, आणि ती झोपडीतच राहिली. शेवंती तिच्याजवळ.

एके दिवशी दुपारी राजा एकटा तिथे आला आणि न बोलावता पानावर बसला. कुमुदिनीने वाढलं. त्याने घास घेतला, बराच वेळ चावला.

"मीठ बरोबर आहे," तो म्हणाला.

"ते आधीही बरोबरच होतं, महाराज."

राजाने मान खाली घातली आणि पान पुरतं संपवलं. खारं खाडीला गेलं, गोडं नदीला राहिलं, आणि कडू करंजाची कहाणी इथे गोड झाली.