दाखला कुणाच्या नावाचा?

आमच्या गावच्या नाट्यगृहाला सहा वर्षं व्यवस्थापक नव्हता. प्रयोगांच्या तारखा देणं, बंद पडलेला एसी दुरुस्त करून घेणं, चिडलेल्या निर्मात्यांची समजूत काढणं, हे सगळं सहायक असलेल्या सुलक्षणा हेंद्रेच करत होत्या. व्यवस्थापकपदासाठी त्यांनी चौथ्यांदा मुलाखत दिली आणि नाट्यगृह समितीचे अध्यक्ष रणनवरे चौथ्यांदा तेच म्हणाले, "बाई, काम चांगलंय तुमचं. पण व्यवस्थापक म्हणून अनुभव कुठंय?"

सुलक्षणाबाईंना वैताग लपवता येईना. "बरं साहेब. मग मला एक दाखला द्या."

"कसला?"

"सहा वर्षं हे नाट्यगृह कुणीच चालवलं नाही, असा. खाली तुमची सही आणि शिक्का."

"भलतंच काय! रोज प्रयोग होत होते की इथं!"

"मग ते कोण चालवत होतं, त्याचं नाव लिहा. दोन्हींतला कुठलाही दाखला चालेल मला."

समितीतल्या एक बाई खुदकन हसल्या. रणनवरेंनी पेन उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. "नेमणुकीचं पत्र पुढच्या आठवड्यात देतो," ते पुटपुटले.

"आजच द्या, साहेब. पुढचा आठवडाभर मी रजेवर आहे. तेवढे दिवस नाट्यगृह तुम्ही सांभाळा."

पत्र दहा मिनिटांत टाइप झालं.